मेन बंद, दिवा चालू

चॅट्सवर्थ, डरबन
७ ऑगस्ट

आयुष्मती कोगी,

तुझं ईमेलवरचं पत्र मिळालं. पत्र म्हणजे साडेतीन ओळी, त्यातही ‘अर्जंट’ दोनदा. न्यूझीलंडला गेल्यापासून तुझ्या वाक्यांतली क्रियापदं गळायला लागली आहेत. ‘अण्णा, सर्टिफिकेट अर्जंट, किल्ली तुझ्याकडे, प्लीज.’ यात कर्ता कोण, कर्म कोणतं आणि धावाधाव कोणाची, हे सगळं मी एकट्याने लावलं. विद्यापीठात चार वर्षं संस्कृत शिकलो आणि पुढे पोटासाठी तीस वर्षं इतिहास शिकवला. ते संस्कृत शेवटी असं कामी येतं.

तुझ्या वकीलबाईंना भेटून आलो. प्रकार असा आहे. घरातलं विजेचं काम नियमाप्रमाणे आहे, असा नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचा दाखला लागतो. तो नसेल तर अम्माचं घर सिस्टर झुंगूंच्या नावावर होत नाही. सिस्टर झुंगूंच्या कर्जाची मंजुरी २९ सप्टेंबरला संपते. त्याआधी कागद पोचला तर घर त्यांचं. नाही पोचला तर कोपऱ्यावरचा टायरवाला टपून आहेच. त्याला घर नकोय, गाड्या लावायला जागा हवी आहे. ज्या खोलीत तू गोवराने फणफणली होतीस तिथे ट्रकचं चाक बदललं जाईल.

सिस्टर परवा पुन्हा घर बघायला आल्या होत्या. हॉस्पिटलातून थेट, गणवेशातच. भिंतीलगतच्या कढीपत्त्याची चार पानं चुरगळून वास घेतला आणि विचारलं, “हे झाड घराबरोबरच मिळेल ना?” तू इतक्या लांबून माणूस बरोबर निवडलंस, हे नाइलाजाने मान्य करतो.

इलेक्ट्रिशियन ठरवलाय. मरिमुथू. याला मी नववीत इतिहासात नापास केलं होतं. फोनवर नाव सांगितलं तर म्हणाला, “सर, तुमचं घर तपासायचंय?” आवाजात केवढा आनंद! “नाही, शेजारचं,” म्हटलं. “अरेरे,” म्हणाला.

तो २४ तारखेला दुपारी दोनला येतोय. वेळ मी विचार करून निवडली आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
दुलार


हॅमिल्टन
९ ऑगस्ट

दुलार अण्णा,

हे घे पूर्ण वाक्य, क्रियापदासकट: मी तुझी फार आभारी आहे.

वृद्धाश्रमात डबल पाळ्या चालू आहेत. फ्लूने निम्म्या नर्सेस घरी, आणि म्हाताऱ्या मात्र सगळ्या जागेवर. त्यातली एक मला रोज विचारते, “तुझी आई कुठे असते?” मी रोज सांगते, “डरबनला.” वर्ष झालं तरी तोंडातून तेच बाहेर पडतं.

अम्माचं घर टायरवाल्याकडे जाऊ देऊ नकोस. बाकी तू म्हणशील तसं.

एक राहिलं. अम्माच्या खोलीत बॅटरीची पेटी असेल, ती तुझ्याकडे ने. दिवाळीला मी पैसे पाठवले होते त्यातून तिने घेतली. “लाइट गेली तरी माझ्या खोलीतली जात नाही गं,” असं दर फोनला सांगायची. तुला लोडशेडिंगमध्ये उपयोगी पडेल.

कोगी


चॅट्सवर्थ
२५ ऑगस्ट

आयुष्मती कोगी,

मरिमुथू आला, त्याने पाहिलं, आणि यादी केली. स्वयंपाकघरातलं सॉकेट नळाच्या फार जवळ. गिझरला स्वतंत्र स्विच नाही. बोर्डावर एक भोक उघडं, ते तुझ्या अप्पांनी काड्यापेटीच्या पुठ्ठ्याने झाकलं होतं. अर्थिंगबद्दल तो म्हणाला, “सर, हे श्रद्धेने केलंय. तारेने नाही.” एवढं सगळं चार दिवसांत होईल.

अडलंय ते एका गोष्टीवर. त्याने मेन स्विच बंद केला. घर अंधारलं. तो अम्माच्या खोलीत गेला आणि तिथूनच हाक मारली.

“सर, मेन बंद केलाय ना मी?”

“माझ्यासमोर केलास.”

“मग हा दिवा?”

मुरुगनच्या तसबिरीपुढचा तो छोटा लाल दिवा, अम्माच्या पलंगाजवळच्या सॉकेटवरचा. तो शांतपणे जळत होता. मरिमुथू दरवर्षी मुरुगनच्या उत्सवात नवसाची कावडी खांद्यावर घेणारा माणूस. त्याने आधी हात जोडले, मग खिशातून टेस्टर काढला. टेस्टरही पेटला.

“सर, देवाचं देवाला. पण दोनशे तीस व्होल्ट देव देत नाही,” असं म्हणून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्याकडे नववीच्या पेपरच्या वेळी पाहायचो.

आमचे न्यायशास्त्राचे गुरुजी शिकवायचे की धूर दिसला की अग्नी असतोच. इथे अग्नी ढळढळीत दिसतोय आणि धूर सापडत नाहीये. हे सापडल्याशिवाय मरिमुथू सही करणार नाही. कारण अद्याप अज्ञात, असं समज.

तुझा,
दुलार


हॅमिल्टन
२७ ऑगस्ट

अण्णा,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि तिथेच हसता हसता रडले. बरोबरच्या बायका घाबरल्या. मेन बंद आणि दिवा चालू! ही अम्माच. घर सोडायला तयार नाहीये. अप्पांनी मेन बंद केला तरी ती आपलं चालूच ठेवायची.

आता माझे प्रश्न. एक, बाकीची कामं सुरू झाली का? दोन, कढीपत्त्याला पाणी कोण घालतं? तीन, वकीलबाईंना पत्र पाठवलंस का? चार, तुझा गुडघा? पाच, अम्माच्या बिछान्यावरची चादर कोणी काढली का, की अजून आहे? सहा, त्या सॉकेटवर अम्मा काय लावायची? एका दिव्यासाठी वेगळी तार कोणी ओढत नाही. आणि मरिमुथूच्या यादीत बॅटरी कुठेच नाही.

कोगी


चॅट्सवर्थ
४ सप्टेंबर

आयुष्मती कोगी,

क्रमाने उत्तरं देतो. कामं सुरू आहेत. पाणी मी घालतो, आणि झाड कृतघ्न आहे, पानं तुझ्याच बाजूला टाकतं. वकीलबाईंना पत्र गेलं. गुडघा चढताना माझा असतो, उतरताना परक्याचा. चादर आहे, निळी, तशीच.

मरिमुथू भिंत फोडायची म्हणतोय. मी म्हटलं, घाई काय आहे, आधी गिझरचं कर. तो दुसऱ्या एका कामावर गेलाय, आठवडाभरात येईल.

तुझ्यासाठी आंब्याच्या लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे. तुमच्या विमानतळावरचे लोक लोणच्याला शस्त्र समजतात, म्हणून पाठवायची कशी ते कळत नाही. सिस्टर झुंगूंना अर्धी बरणी दिली. त्यांनी ते पावाला लावून खाल्लं. मी कढीपत्त्याकडे पाहत राहिलो.

तुझा,
दुलार


हॅमिल्टन
१५ सप्टेंबर

दुलार अण्णा,

सहाव्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. मरिमुथूने दिलं.

त्याने मला थेट फोटो पाठवलेत. म्हणतो, तू त्याला दोनदा परत पाठवलंस, म्हणून तू दवाखान्यात गेलेला असताना तो कामासाठी दिलेल्या किल्लीने, सिस्टर झुंगूंना बरोबर घेऊन, आत गेला. पलंगामागच्या भिंतीतून बागेची हिरवी नळी बाहेर पडते. ती पाण्याची नाही, तिच्या पोटात वायर आहे. कढीपत्त्याच्या मुळाखालून जाते आणि कुंपणाच्या भिंतीखालून तुझ्या अंगणात. अण्णा, ती वायर तुझ्या स्वयंपाकघरात जाते.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ‘कारण अद्याप अज्ञात’! चौदा दिवस उरलेत. वकीलबाई रोज विचारतात आणि मी त्यांना गुरुजींचा धूर सांगते.

मला एकच वाटतं. तुला हे घर विकायचंच नाहीये. शेजारी नवीन माणसं नकोत, म्हणून तू दिवस काढतोयस. तसं असेल तर तोंडावर सांगायचंस. सहा वर्षांची असल्यापासून मी तुला अण्णा म्हणते.

कोगी


चॅट्सवर्थ
१६ सप्टेंबर

कोगी,

तू म्हणतेस त्यात थोडं तथ्य आहे. नवी माणसं आली की अम्मा खरोखरच गेली असं होईल, आणि ते मला जड जातंय. पण तेवढ्यासाठी मी तुझं नुकसान केलं नसतं. मी दुसरंच काही झाकत होतो. आता ते झाकता येत नाही, म्हणून मुरुगनची क्षमा मागून लिहितो.

अम्माच्या फुप्फुसांनी ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातच हात टेकले होते. डॉक्टरांनी दिवसाचे पंधरा तास ऑक्सिजन सांगितला. मी भाड्याने मशीन आणलं, गुडघ्याएवढं, चाकांवरचं. ते विजेवर चालायचं. आणि वीज कशी येते-जाते ते तुला ठाऊक आहे. दिवसातून तीन-तीनदा, अडीच-अडीच तास. पण आपल्या दोन घरांमधली भिंत म्हणजे सरहद्द आहे. भिंतीपलीकडे वीजगट सात, अलीकडे तेरा. तुमची जाते तेव्हा आमची बहुधा असते. म्हणून एका रविवारी मी आणि माझा साडू कुदळ घेऊन बसलो. योग्य पाइप नव्हता, बागेची नळी होती. ते काम बेकायदा होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मी इतिहासाचा मास्तर आहे, मूर्ख नाही.

आमची वीज गेली की मी तुमच्याकडे जायचो आणि मशीनचा प्लग त्या सॉकेटमधून काढून तुमच्या घरच्या सॉकेटात लावायचो. दोन्हीकडची एकदम गेली तर ऑक्सिजनचं एक लहान नळकांडं होतं. तशी वेळ दोनदाच आली.

बॅटरी तिने घेतलीच नाही. त्या पैशांतून देवळाच्या स्वयंपाकघराला शेगडी आली. “बॅटरी कशाला? दुलार आहे ना,” म्हणाली.

मी रोज सांगायचो, कोगीला कळवूया. तिने माझा हात मुरुगनवर ठेवून घेतला. “ती येईल, मला पेज पाजेल आणि रडत बसेल,” म्हणाली, “यातलं एकही मला सोसणार नाही. पोरीची परीक्षा आहे तिच्या. नोकरी नवी आहे. तू सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मेल्यावरही बोलणार नाही.” शेवटी मी तुला ‘अम्मा अचानक आजारी, ये’ एवढंच कळवलं. ती गेली तेव्हा तू विमानात होतीस, आणि तेवढ्या वेळात मी मशीन परत करून आलो. तू दारात उभी राहिलीस तेव्हा खोलीत नुसता दिवा होता. तू म्हणालीस, “बरं झालं, फार दिवस आजारी नव्हती.” मी मान हलवली. वर्षभर ती हललेली मान मला जडच आहे.

माझ्या बाजूचा स्विच पावाच्या डब्यामागे आहे. अम्माने स्वतःच्या हाताने त्यावर काळी पट्टी चिकटवली होती, वर कुंकवाचं बोट. “याला हात लावायचा नाही. सरकारने बंद केलं तर केलं.” ती गेल्यावरही मला ती पट्टी काढवेना. म्हणून मी मरिमुथूला २४ ऑगस्ट, दुपारी दोन ही वेळ दिली. वेळापत्रकाप्रमाणे दोन ते साडेचार आमची वीज जाणार होती. तुमचा मेन मरिमुथू बंद करणार, आमचा सरकार. दिवा विझलेला असेल, तो ‘एक मेलेलं सॉकेट’ लिहून पुढे जाईल, आणि मला काही करावं लागणार नाही. त्या दिवशी बारा वाजता बातमी आली: आज देशात लोडशेडिंग नाही. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. वीज आहे म्हणून दुःखी झालेला अख्ख्या आफ्रिकेत मी एकटाच असेन.

आज सकाळी नऊला मी पट्टी काढली आणि स्विच खाली केला. मरिमुथूला बोलावलंय. तो वायर दोन्ही टोकांनी काढेल. दिवा मी माझ्याकडे आणून लावला आहे.

राग आला तर राग कर. तो तुझा हक्क आहे.

दुलार


हॅमिल्टन
१८ सप्टेंबर

अण्णा,

उत्तराला दोन दिवस लागले. राग म्हणून नाही. आता माझी पाळी आहे.

मी काम करते त्या आश्रमात तसली बारा मशीनं आहेत. त्यांची घरघर मी झोपेतही ओळखते. फोनवर अम्माच्या मागे ती घरघर पहिल्यांदा ऐकली तेव्हा विचारलं, “अम्मा, हा कसला आवाज?” ती म्हणाली, “फ्रिज. म्हातारा झालाय.” पलंगाशेजारी फ्रिज! मी म्हटलं, “असेल.”

मी ‘असेल’ म्हटलं, अण्णा. पुन्हा विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि मग मला यावं लागलं असतं. पोरीची परीक्षा, नवी नोकरी, सगळं खरं होतं, आणि ते खरं असल्याचं मला सोयीचंही होतं. तू एकटाच झाकत नव्हतास. आपण तिघंही एकाच चादरीची टोकं धरून उभे होतो.

मग मी काय केलं? आपल्या गटाचं लोडशेडिंगचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलं. सात नंबर. त्याच वेळेला मुद्दाम फोन करायचे. आता वीज गेली असेल, आता ती घरघर थांबेल, असं म्हणत. ती थांबायची नाही. मला वाटायचं बॅटरी. कधी कधी मात्र भलत्याच वेळी थांबायची. अम्मा बोलायची थांबायची, मी बोलायची थांबायचे. मग दार वाजायचं, कोणाच्या तरी चपला यायच्या, आणि मिनिटाभरात घरघर पुन्हा सुरू. अम्मा म्हणायची, “हं, काय सांगत होतीस?”

अण्णा, त्या चपला मी ओळखते. डावी घासते.

तेव्हा मला ते कोडं होतं की हा नेमका त्याच वेळी कसा येतो. आता कळलं. आणि एक सांगते, त्या चपला यायच्या म्हणून मी फोन ठेवल्यावर झोपू शकायचे.

मुरुगन तुला काही करणार नाही. अम्मा बोलत नसेल तर ती तशी आधीही रुसायची, चार दिवसांनी तोंड उघडायची.

आता सर्टिफिकेट. अर्जंट. प्लीज.

कोगी


चॅट्सवर्थ
२६ सप्टेंबर

आयुष्मती कोगी,

तुझं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही, तू चेष्टा करशील. त्यानंतर नवीन चपला घ्यायला निघालो होतो, पण परत फिरलो.

सोबत दाखल्याची प्रत आहे. मूळ कागद मी स्वतः वकीलबाईंच्या हातात दिला, तीन दिवस आधी. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

मरिमुथूने नळी ओढून काढली तेव्हा कढीपत्त्याचं एक मूळ तिला वेटोळं घालून बसलेलं निघालं. त्याने ते कापलं नाही. नळी कापली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून पेन थांबवून बसला.

“‘बेकायदा जोडणी’ लिहू, सर?”

“खरं ते लिही.”

त्याने लिहिलं, ‘शेजारच्या घरातून आलेली वायर काढली.’ मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, “सर, ती कशासाठी होती ते सिस्टर झुंगूंना भिंत बघताच कळलं. तिथे प्लास्टरवर ऑक्सिजनच्या नळीचा घासलेला डाग आहे, निजलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर. त्या म्हणाल्या, मिस्टर मरिमुथू, हळू फोडा.” आणि कागद माझ्यापुढे सरकवत, “आता तरी मला पास करा.”

मी त्याला साठ गुण दिले. शंभरपैकी. अक्षर अजून वाईट आहे.

जाताना दारातून वळून म्हणाला, “सर, भिंतीच्या आत जे आहे ते माझ्या सर्टिफिकेटात. सॉकेटच्या बाहेर जे लोंबतं ते ज्याचं त्याचं.” हे तो का म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा,
दुलार


चॅट्सवर्थ
१४ जानेवारी

आयुष्मती कोगी,

सिस्टर झुंगू आणि त्यांची आई शनिवारी राहायला आल्या. आई माझ्याच वयाच्या, पण मला ‘बाबा’ म्हणतात. मी सूड म्हणून त्यांना ‘मामा’ म्हणतो, म्हणजे त्यांच्या भाषेत आई.

काल चार वाजता त्यांची वीज गेली. मी अंगणात होतो. भिंतीवर डोक्याला बांधलेला पिवळा रुमाल दिसला.

“बाबा, तुमच्याकडे आहे?”

“आहे.”

“माझा भात अर्धा शिजलाय.”

मला मरिमुथूचं वाक्य आठवलं. घरात गेलो, नारिंगी एक्स्टेंशन वायर आणली आणि कढीपत्त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यातून पलीकडे सोडली. मामांनी ती ओढून घेतली. साडेसहाला वायर परत आली, टोकाला पिशवी बांधलेली. पिशवीत वाफवलेला पाव. तो मी लोणच्याशी खाल्ला. चांगला लागतो.

तुला हे कळवायचं होतं. दुसरं काही नाही.

तुझा,
दुलार


हॅमिल्टन
१५ जानेवारी

अण्णा,

वेळापत्रक अजून माझ्या फ्रिजवर आहे. तुझ्या सप्टेंबरच्या पत्रानंतर त्याशेजारी तेरा नंबरचंही लावलंय.

तर ऐक. उद्या तुमची दोन ते साडेचार, त्यांची नाही. तेव्हा वायर त्यांच्याकडून मागून घे, लाजू नकोस. गुरुवारी त्यांची सहा ते साडेआठ. नेमकी जेवणाची वेळ.

गुरुवारी संध्याकाळी देवळात जाऊन बसू नकोस. घरी थांब. आणि त्याच चपला घाल.

कोगी